आजीच्या भाकरीसमोर कॅमेरा कुठे ठेवायचा?

[दृश्य: गावातलं स्वयंपाकघर. चुलीपुढे एक आजी ज्वारीच्या भाकरी करतेय. दारात शाळेतली मुलं. एकाच्या हातात मोबाइल.]

निवेदन:
आम्ही शाळेतल्या मुलांना चित्रण शिकवतो. मुलांच्या हातात कॅमेरा दिला की ती जिथे उभी असतात तिथूनच चित्रण सुरू करतात. हा मुलगा दारात उभा आहे. मोबाइल छातीपाशी धरलाय. आजी जमिनीवर बसलीय. त्याच्या शॉटमध्ये काय आलंय ते बघा. आजीचा अंबाडा, परातीची कड आणि पुष्कळशी सारवलेली जमीन. भाकरी थापताना आजी मुलांशी बोलतेय, मध्येच हसतेय. त्यातलं काहीही इथे दिसत नाही.

त्याला एवढंच सांगितलं, "खाली बस."

[दृश्य: मुलगा मांडी घालून बसतो. मोबाइल आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.]

निवेदन:
चूल तीच, आजी तीच. आता तिचा चेहरा दिसतोय, चुलीचा उजेड गालावर पडलाय, मागच्या भिंतीवरची मांडणीही दिसतेय. याला आय लेव्हल म्हणतात. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा.

शॉटची नावं शिकवण्याआधी हे बसणं शिकवायला हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आपल्याकडे कितीतरी कामं जमिनीवर बसून होतात. भाजी निवडणं, गोधडी शिवणं, खुरपणी, पंगत. उभ्या माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्याला ही सगळी माणसं वरूनच दिसतात. हा हाय अँगल कोणी विचार करून निवडलेला नसतो. तो आपोआप घडतो, आणि बघणाऱ्याला ती माणसं उगाचच लहान वाटायला लागतात.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या चित्रपटांत कॅमेरा बहुतेक वेळा जमिनीलगत असतो. घरातली माणसं चटईवर बसून बोलतात, जेवतात, गप्प राहतात, आणि आपणही त्यांच्यासोबत खाली बसून बघत राहतो. त्यांच्या काही चौकटी मुलांना आवर्जून दाखवाव्यात. मुलं लगेच ओळखतात, "सर, हे आमच्या घरासारखं आहे."

[दृश्य: अंगणातून घेतलेला लाँग शॉट. घर, धूर, दारातून दिसणारी आजी.]

निवेदन:
उंची कळली की अंतराकडे वळायचं. लाँग शॉटमध्ये माणूस आणि त्याचा परिसर एकत्र दिसतो. ही आजी कुठे राहते, सकाळ आहे की संध्याकाळ, घर भरलेलं आहे की रिकामं, हे सगळं इथे कळतं. मिड शॉटमध्ये कमरेपासून वरचा भाग येतो. हातांची हालचाल आणि चेहरा एकाच वेळी दिसतो, म्हणून बोलणाऱ्या माणसासाठी तो सोयीचा. क्लोज-अपमध्ये फक्त चेहरा, किंवा फक्त हात.

मूकपटांच्या काळातल्या 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज पाहायला मिळतो, त्यात दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा समोर स्थिर उभा आहे, नाटक बघायला बसलेल्या प्रेक्षकासारखा. माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. आता १९३४ कडे या. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. व्ही. शांताराम यांनी 'अमृतमंथन' केला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजाच्या गुरूची भूमिका केलेल्या चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दिसतो. त्यासाठी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी, लेन्स वापरली होती. एका डोळ्यातून त्या माणसाचा सगळा धाक उभा राहतो. प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणून ओळखली जाते.

[दृश्य: मुलगी मोबाइल आजीच्या चेहऱ्याजवळ, अगदी वीतभर अंतरावर नेते. नाक मोठं दिसतं.]

निवेदन:
क्लोज-अप म्हटलं की मुलं मोबाइल थेट नाकाशी नेतात. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स वाइड, म्हणजे रुंद परिसर टिपणारी असते. तिच्यातून फार जवळून चेहरा घेतला की नाक फुगतं, कान मागे पडतात. शिवाय वीतभरावर मोबाइल आला की आजी अवघडते आणि भाकरी बिघडते. मोबाइलला टेलिफोटो लेन्स असेल तर ती निवडावी आणि दोन पावलं मागे सरावं. नसेल तर चेहऱ्याचा हट्ट सोडून हातांचा क्लोज-अप घ्यावा. बोटांनी ओढून केलेला झूम बऱ्याचदा चित्र नुसतं कापून मोठं करतो, आणि ते फाटल्यासारखं दिसतं.

त्याआधी एक गोष्ट, जी आम्ही कुठल्याही वर्गात वगळत नाही. जवळ जायचं तर आधी विचारायचं. "आजी, तुमचे हात जवळून घेऊ का?" ती हो म्हणाली तरच पुढे.

[दृश्य: टॉप अँगल. गोल परात, मधोमध पिठाचा गोळा, त्यावर फिरणारा तळवा.]

निवेदन:
आता वहीत लिहून घेतलेला एक नियम तपासू या. खालून घेतलेला शॉट माणसाला मोठं करतो आणि वरून घेतलेला दुबळं. चौकातल्या पुतळ्याकडे मान वर करून पाहिलं की पहिला अर्धा भाग पटतो. पण हा टॉप अँगल बघा. कॅमेरा सरळ वरून परातीत बघतोय. तळव्याच्या प्रत्येक थापेबरोबर भाकरी फिरते, कड पातळ होते, वर्तुळ वाढत जातं. समोरून हे असं कधीच दिसलं नसतं. इथे आजी दुबळी दिसते का? उलट तिच्या हाताचं कसब याच शॉटमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. अँगलचा अर्थ तक्त्यात मिळत नाही. त्या शॉटमध्ये काय चाललंय आणि आधी-नंतर काय आहे, यावर तो ठरतो. मुलांना हे एकदा दिसलं की ती तक्ता पाठ करायचं सोडून देतात, आणि आम्हाला त्याचा फार आनंद होतो.

[दृश्य: आजीच्या खांद्यावरून तवा दिसतो. भाकरी उलटली जाते, मग चुलीतल्या आरावर फुगते.]

निवेदन:
हा ओव्हर द शोल्डर. आजीला जे दिसतं, जवळपास तेच आपल्याला दिसतं. भाकरी फुगण्याचा क्षण इथूनच घ्यावा. तो परत मिळत नाही, म्हणून कॅमेरा आधीच चालू करून ठेवायचा. कोणताही शॉट सुरू केला की मनात सावकाश 10 आकडे मोजायचे आणि तोवर हात हलवायचा नाही. नवशिक्या मुलांचे शॉट दोन-तीन सेकंदांतच संपतात आणि संकलनाला बसल्यावर हाताशी काहीच उरत नाही.

[दृश्य: शाळेचं मैदान. कबड्डी. दोन मुली समोरासमोरच्या बाजूंनी चित्रण करताहेत.]

निवेदन:
एक अवघड धडा राहिला. तो वर्गात फळ्यावर कळत नाही, मैदानात पटकन कळतो. एक मुलगी मैदानाच्या या बाजूला, दुसरी बरोबर समोरच्या बाजूला. चढाईला जाणारा खेळाडू पहिलीच्या मोबाइलमध्ये डावीकडून उजवीकडे पळतोय, दुसरीच्या मोबाइलमध्ये उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट एकामागोमाग जोडले तर तो चढाईला गेला की परत आला, हेच कळत नाही. म्हणून खेळाच्या दिशेने एक रेषा कल्पायची आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे. हाच 180 अंशांचा नियम. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या नजरांना जोडणारी रेषा धरायची.

[दृश्य: मुलं जमिनीवर बसून मोबाइलवर आपापले शॉट बघताहेत.]

निवेदन:
पुढच्या आठवड्याचं काम असं. घरातलं किंवा गल्लीतलं एकच काम निवडायचं. सायकलचं पंक्चर काढणं, हार गुंफणं, इस्त्री, काहीही. त्याचे पाचच शॉट. काम करणारे हात, चेहरा, आजूबाजूच्या जागेसकट माणूस, त्याच्या खांद्यावरून दिसणारं काम, आणि पाचवा शॉट ज्याला जसा सुचेल तसा. पाचव्या शॉटसाठी कॅमेरा तिथेच का ठेवला, ते दोन ओळींत लिहून आणायचं. वर्गात आवाज बंद करून सगळ्यांचे शॉट लावू. बघणाऱ्यांनी सांगायचं, काम कुठलं चाललंय, कोण करतंय, कुठे करतंय. यातलं जे सांगता येणार नाही, त्याचा शॉट पुन्हा घ्यायचा.