दडवलेल्या दुरुस्त्या, काढलेल्या दुरुस्त्या

मंडळी, नमस्कार. आज इथं अनुवादक आहेत, प्रकाशनसंस्थांत मुद्रितं तपासणारे आहेत, वकिलांकडे मसुदे तयार करणारे आहेत आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थीही दिसताहेत. तुमची कामं वेगवेगळी असली, तरी एक गोष्ट तुम्ही सगळेच करता. चार हातांतून गेलेली वर्डची फाइल शेवटी कुणाला तरी पाठवता. तिच्यात काय काय उरलेलं असतं आणि त्याचं काय करायचं, एवढाच आजचा विषय.

सुरुवात यंत्राच्या बाजूनं करू. वर्डमधली 'ट्रॅक चेंजेस' ही दुरुस्त्यांची नोंद ठेवणारी सोय सुरू असताना आपण एखादं वाक्य खोडलं, की पडद्यावर त्याच्यावर लाल रेघ येते. ते वाक्य फाइलमधून गेलेलं नसतं. वर्डची डॉकएक्स फाइल ही मुळात एक झिप फाइल असते. तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. ती नोटपॅडमध्ये पाहा. नव्यानं घातलेल्या मजकुराभोवती 'इन्स' अशी खूण असते, खोडलेल्याभोवती 'डेल' अशी. प्रत्येक खुणेत ती कुणी केली त्याचं नाव, तारीख आणि वेळ. खोडलेलं वाक्य तिथं अक्षर न् अक्षर शाबूत असतं. हे प्रत्येकानं एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. एकदा बघितलं की पुढचं सगळं आपोआप पटतं.

घोटाळा होतो तो पडद्यावरच्या दृश्यामुळे. 'रिव्ह्यू' टॅबमध्ये मजकूर बघण्याचे चार प्रकार आहेत. 'ऑल मार्कअप'मध्ये सगळ्या खुणा दिसतात. 'सिंपल मार्कअप'मध्ये समासात फक्त एक लाल रेघ दिसते; वर्ड 2013 मध्ये हेच दृश्य आधी समोर यायचं. 'नो मार्कअप'मध्ये तीही रेघ जाते आणि फाइल अगदी स्वच्छ दिसते. चौथं 'ओरिजिनल', म्हणजे दुरुस्त्यांआधीचा मजकूर. ही चारही दृश्यं वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. फाइलमधल्या मजकुराला त्यांतलं एकही हात लावत नाही. तुम्ही 'नो मार्कअप' ठेवून फाइल पाठवली आणि समोरच्यानं 'ऑल मार्कअप' निवडलं, की त्याच्यापुढे सगळं उघडं पडतं. दुरुस्ती फाइलमधून जाते ती फक्त 'ॲक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट' केल्यावर.

हे किती दूरवर जाऊ शकतं, याचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उदाहरण 2005 सालचं आहे. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची 14 फेब्रुवारी 2005 रोजी बैरुतमध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांनी चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते डेटलेव्ह मेहलिस हे जर्मन सरकारी वकील. 20 ऑक्टोबरला त्यांनी अहवाल सरचिटणीस कोफी अन्नान यांना दिला आणि तो पत्रकारांपर्यंत वर्डच्या फाइलमध्ये पोचला. त्या फाइलमध्ये दुरुस्त्यांच्या खुणा तशाच होत्या. एका परिच्छेदात एका साक्षीदाराचं म्हणणं दिलं होतं, की लेबनॉन आणि सीरियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हत्येचा निर्णय घेतला. अधिकृत मजकुरात इतकंच होतं. खोडलेल्या मजकुरात मात्र नावं होती. त्यांत सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल असद यांचे धाकटे भाऊ माहेर अल असद होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीचे पती आसिफ शौकत होते. ही नावं त्याच दिवशी काढली गेल्याचं फाइलमधल्या वेळांवरून दिसत होतं.

या प्रकरणाकडे 'गुपित फुटलं' एवढ्यावर बघून चालत नाही. मेहलिस यांनी पत्रकारांना कारण सांगितलं: अहवाल जाहीर होणार आहे हे कळल्यावर नावं मीच काढली, कारण तो एका साक्षीदाराचा पडताळा न झालेला आरोप होता आणि दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा असतो. संपादक म्हणून विचार केला तर हा निर्णय योग्यच वाटतो. तुमच्यापैकी कुणीही त्या जागी असता, तर बहुधा हेच केलं असतं. पण निर्णय फाइलमध्ये अर्धवट राहिला. परिणाम असा, की ज्यांची नावं सिद्ध झाल्याशिवाय छापायची नव्हती ती जगभर छापली गेली. वर संयुक्त राष्ट्रांनी दबावाखाली अहवाल सौम्य केला का, हा प्रश्न उभा राहिला. दबाव नव्हता, असा खुलासा अन्नान यांच्या बाजूनं आणि मेहलिस यांच्याकडूनही करावा लागला. दुरुस्ती न्यायबुद्धीनं केलेली असली, तरी तिची खूण अशी उघडी पडली की ती लपवाछपवी दिसू लागते. माझ्या मते या विषयातलं खरं नुकसान हेच आहे.

दुसरं उदाहरण त्याआधीच्या वर्षातलं. अमेरिकेतल्या एससीओ ग्रुप या कंपनीनं मार्च 2004 मध्ये डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीवर युनिक्स या संगणकप्रणालीच्या परवान्यावरून दावा लावला. दाव्याच्या मसुद्याची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती लागली. तिच्यातल्या दुरुस्त्या उघडल्यावर दिसलं, की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत प्रतिवादी म्हणून बँक ऑफ अमेरिकाचं नाव होतं. दावा कुणावर लावायचा याची आतली चर्चा जगापुढे आली. वकिलांकडे काम करणाऱ्यांना यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही जुन्या करारावर नवा करार बेतण्याची पद्धत सर्रास आहे, आणि आधीच्या पक्षकाराचं नाव, आधीची रक्कम खोडलेल्या खुणेत पुढच्या पक्षकारापर्यंत जाऊ शकते.

आता करायचं काय? सर्वांत आधी फाइलची प्रत काढा आणि खुणांची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. कुणी काय बदललं, याचा पुरावा तिथं आहे. सरकारी किंवा विद्यापीठाच्या कामात तर ती नोंद राखणं हे कर्तव्यच आहे. साफसफाई फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीची.

त्या प्रतीत 'ऑल मार्कअप' लावा. 'शो मार्कअप'मध्ये सगळे प्रकार आणि सगळे परीक्षक, म्हणजे दुरुस्त्या करणारे, निवडलेले आहेत ना, ते बघा. मग 'रिव्ह्यूइंग पेन' उघडा. तळटीपा, शीर्षपट्टी, चौकटीतला मजकूर या ठिकाणच्या दुरुस्त्या पान चाळताना सुटतात. इथं त्या ओळीनं दिसतात. आणि मग एकेक दुरुस्ती वाचून निर्णय घ्या. 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस' हे बटण मोहात पाडतं. पण कुणीतरी ओळीतच 'हा आकडा पुन्हा तपासा' असं लिहून ठेवलेलं असतं, आणि त्या बटणामुळे ते वाक्य अहवालाचा भाग होऊन बसतं. दोन परीक्षकांनी एकाच वाक्यावर उलट दुरुस्त्या सुचवल्या असतील, तर दोन्ही स्वीकारून वाक्याचा चोथा होतो. आणखी एक बारकावा: तिथं 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस शोन' असंही एक बटण आहे. ते फक्त त्या वेळी पडद्यावर दिसणाऱ्याच दुरुस्त्या स्वीकारतं. तुम्ही एका परीक्षकाच्या खुणा गाळून ठेवल्या असाल, तर त्या फाइलमध्ये राहतात.

टिप्पण्या, म्हणजे कॉमेंट्स, वेगळ्या काढाव्या लागतात. दुरुस्त्या स्वीकारल्यानं त्या जात नाहीत, आणि 'रिझॉल्व्ह' केलेली टिप्पणी नुसती फिकी होते, फाइलमध्ये असतेच. हे उरकल्यावर ट्रॅकिंग बंद करा. नाहीतर शेवटची एक चूक सुधारताना नवी खूण तयार होते.

यानंतर 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर'. फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज या वाटेनं तो सापडतो. वर्ड 2007 पासून ही सोय आहे. लपलेला मजकूर, लेखकाचं नाव, उरलेल्या दुरुस्त्या हे सगळं तो शोधून सांगतो. पण तो शेवटीच चालवायचा, आणि आधी फक्त तपासणीसाठी. दुरुस्त्यांसमोरचं 'रिमूव्ह ऑल' दाबलं, की तो सगळ्या दुरुस्त्या तुम्हाला न विचारता स्वीकारून टाकतो, नाकारायच्या होत्या त्याही. शिवाय वैयक्तिक माहिती काढून टाकली, की त्या फाइलमध्ये पुढं प्रत्येक जतन करताना नावं पुसली जातात आणि सगळ्यांच्या दुरुस्त्या 'ऑथर' या एकाच नावानं दिसू लागतात. म्हणून काम चालू असलेल्या फाइलवर तो चालवू नये.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं जास्त बोलतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडे एका अनुस्वारानं एकवचनाचं अनेकवचन होतं. 'सदस्यास' आणि 'सदस्यांस' यांत एका टिंबाचा फरक, पण संस्थेच्या नियमावलीत त्यानं कुणाला काय मिळणार हे बदलतं. ट्रॅकिंग सुरू असताना तेवढाच अनुस्वार घातला किंवा काढला, तर खूणही तेवढ्याच टिंबावर बसते आणि थकलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. कधी कधी तर तिथं नुसतं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. माझा आग्रह असा, की अर्थ बदलणारी दुरुस्ती असेल तर पूर्ण शब्द खोडून पूर्ण शब्द नव्यानं लिहावा. खूण मोठी होते, वाचणाऱ्याचं लक्ष जातं.

दुसरी गोष्ट युनिकोडची, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीची. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण दोन फाइली ताडून बघणाऱ्या वर्डच्या 'कंपेअर'ला ते वेगळे वाटतात आणि शेकडो ठिकाणी विनाकारण लाल खुणा येतात. दोन जणांचे कीबोर्ड वेगळे असतील तर काम सुरू करण्याआधीच एक पद्धत ठरवा. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा असेल, तर तेही ट्रॅकिंग सुरू करण्यापूर्वी उरका. रूपांतरानंतर सगळाच मजकूर बदललेला असतो, आणि खऱ्या दुरुस्त्या त्यात शोधणं अशक्य होतं.

पीडीएफ केली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. दुरुस्त्या दिसत असताना पीडीएफ केली तर त्या पीडीएफमध्येही येतात. आणि मजकुरावर काळी पट्टी ओढून केलेली पीडीएफ तर आणखी फसवी. बगदादमध्ये मार्च 2005 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात निकोला कालिपारी हे इटालियन गुप्तचर अधिकारी मारले गेले. त्याबद्दलच्या अमेरिकी लष्करी अहवालात काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर नुसता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं वर्डमधून पीडीएफ करताना मजकूर कसा काढावा याची मार्गदर्शिका लिहिली. तिचं सार एका ओळीत सांगता येतं: जे द्यायचं नाही ते झाकू नका, मूळ फाइलच्या प्रतीतून खोडा आणि मग पीडीएफ करा.

गूगल डॉक्सबद्दल थोडक्यात. तिथं ज्याला संपादनाचा अधिकार दिला, त्याला 'व्हर्जन हिस्टरी' उघडून जुने सगळे मसुदे वाचता येतात. बाहेरच्या माणसाला नव्यानं केलेली प्रत द्या, आणि प्रत करताना टिप्पण्या आणि सूचना सोबत घ्यायच्या का, या चौकटीवर खूण नको.

हे सगळं ऐकून कुणी प्रत्येक फाइल धुऊनपुसून पाठवायला लागेल, तर ते मला मुळीच नको आहे. लेखकाचं पुस्तक तपासताना खुणांसकट फाइल त्याला गेलीच पाहिजे. मजकूर त्याचा आहे. आपण बदललेला प्रत्येक शब्द बघण्याचा आणि नाकारण्याचा त्याला हक्क आहे. मार्गदर्शकांकडे परत जाणाऱ्या प्रबंधाचंही तसंच. करारात तर हे आणखी काटेकोर आहे. समोरच्या पक्षानं पाठवलेल्या मसुद्यात ट्रॅकिंग बंद करून एखादं कलम बदलणं आणि स्वच्छ फाइल म्हणून परत देणं, हा विश्वासघात आहे. म्हणून परत आलेला मसुदा कितीही स्वच्छ दिसो, 'रिव्ह्यू'मधल्या 'कंपेअर'नं तो आपण शेवटी पाठवलेल्या फाइलशी ताडून बघा. खुणा कुणी लपवल्या वा पुसल्या, तरी दोन मजकुरांतला फरक 'कंपेअर'ला दिसतोच. स्वतःची फाइल पाठवण्याआधीही हेच करा: मूळ फाइल आणि बाहेर जाणारी प्रत यांची तुलना करून, जे बदल ठरले होते तेवढेच झालेत ना, हे तपासा.

आणि खुणांसकट फाइल निघूनच गेली असेल तर? मेल परत बोलावण्याची सोय संस्थेबाहेरच्या पत्त्यावर सहसा चालत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. लगेच फोन करा, आधीची फाइल न उघडता काढून टाकायची विनंती करा आणि दुरुस्त प्रत वेगळ्या नावानं पाठवा. ज्या पक्षकाराची किंवा लेखकाची माहिती त्या खुणांत होती, त्यालाही त्याच दिवशी कळवा, म्हणजे ती बातमी त्याला दुसऱ्याकडून कळणार नाही.