फाळक्यांची माणसं पळत नव्हती

मंडळी, दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९४४ साली ते गेले तेही नाशकातच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आणि तरी त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट घरात लावला की मुलं हसायला लागतात, कारण पडद्यावरची माणसं टुणटुण पळताना दिसतात. हा दोष फाळक्यांचा नाही, चित्रपट दाखवण्याच्या पद्धतीचा आहे. तो काढता येतो, म्हणून आज सुरुवात तिथून.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, पडायच्या. पुढे बोलपट आला आणि आवाजासाठी २४ चौकटींचा वेग पक्का झाला. १६ ने टिपलेलं २४ ने दाखवलं की चाल दीडपट होते. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे हजार फुटांचं रीळ मूळ वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालायला हवं, ते ११ मिनिटं ७ सेकंदांत उरकतं. साडेपाच मिनिटांचा अभिनय आपण गिळून टाकतो!

उपाय सोपा आहे. मोबाइलवर किंवा संगणकावर वेग ०.७५ करा, २४ च्या जागी १८ चौकटी येतात. मात्र काही प्रतींत वेग आधीच सुधारलेला असतो, तिथे तो आणखी कमी केला तर माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतात. खात्री करायची तर पाण्याकडे बघा. नट घाईत असू शकतो, पण उडालेलं पाणी आपल्याच गतीने खाली येतं. थेंब टपाटपा आपटत असतील तर वेग जास्त आहे, तरंगत येत असतील तर कमी. कॅमेरा फिरवणारा हात कधी जोरात फिरे, कधी हळू, त्यामुळे एकच आकडा शेवटपर्यंत लागू पडेल असंही नाही. आणि टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरू नका. चौकोनी चौकट रुंद पडद्यावर ओढली की चेहरे एक तृतीयांशाने आडवे फुगतात. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

एवढं केलंत की मंदाकिनी फाळके दिसते. दादासाहेबांची ही मुलगी कृष्ण झाली आहे. सुरुवातीला तिचा चेहरा हळूहळू कृष्णाच्या चेहऱ्यात विरघळतो. मला कालियाच्या युद्धापेक्षा हे काही क्षण मोठे वाटतात. एका पोरीच्या चेहऱ्यावर इतका भरवसा टाकायला मोठं धाडस लागतं.

यंत्राचा वेग नीट लागला की मग दिग्दर्शकाची लय कळते. ‘संत तुकाराम’, १९३६, प्रभातचा. लोक तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं नाव घेतात, ते योग्यच आहे. पण चित्रपट जमिनीवर उभा राहतो तो गौरी या नटीने उभ्या केलेल्या आवलीमुळे, तुकोबांच्या बायकोमुळे. आजारी पोराला ओढत ती देवळात जाते, हातात वहाण, आणि थेट पांडुरंगाला जाब विचारते. तुकोबांची संथ लय आणि तिचा तडाखा, दोन्ही एकाच घरात नांदतात. वैकुंठाच्या विमानापेक्षा मला ती वहाण जास्त खरी वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’बद्दल (२०१४) तक्रार येते की कंटाळा येतो. एक करून बघा. कोणताही प्रसंग घ्या आणि एका कटपासून, म्हणजे दृश्य तुटून दुसरं लागतं तिथपासून, पुढच्या कटपर्यंत मनात आकडे मोजा. नेहमीच्या चित्रपटात चार-पाचवर थांबाल, इथे मोजणी लांबतच जाते. कॅमेरा लांब, स्थिर, न्यायालयातल्या मागच्या बाकावर बसल्यासारखा. कुठे बघायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच शोधता. शेवटाकडे सुट्टी लागते, दालनातले दिवे विझतात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटतं. संपलेला नसतो. पुढे सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताहेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि हाती लागलेल्या एकाला चापट बसते. तारखांमागून तारखा पाहिल्यावर ती एक चापट काय सांगते, हे लय धीमी होती म्हणूनच पोचतं.

‘सैराट’चा (२०१६) उत्तरार्ध लांबला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. १७४ मिनिटांच्या या चित्रपटात गाणी सगळी पूर्वार्धात आहेत. झिंगाटवर आपण मिरवणुकीत नाचलो, नाशिक ढोलावरही ते चढलं. नायक-नायिका पळून हैदराबादला पोचल्यावर दिग्दर्शक नागराज मंजुळे गाणं काढूनच घेतात. उरतात ती खोली, नोकरी, भांडण, संशय. ती कोरड पडल्याशिवाय शेवट अंगावर येत नाही.

त्या शेवटासाठी एकच सांगणं. लहान मूल दारातून आत येतं आणि आवाज पूर्ण बंद होतो. टीव्ही बिघडलेला नाही. रिमोट उचलू नका, शेजारच्याशी बोलू नका. लाल पावलं उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत बघत राहा.