कोंबड्या ओट्यावर येतात, कारण तुम्हीच त्यांना बोलावता!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी खुराड्यातली दांडी कशी बसवायची ते जीव तोडून सांगितलं. आणि कमेंटमध्ये विचारलंत काय? ‘ताई, तुमच्या मागे ओटा दिसतोय तो इतका स्वच्छ कसा? आमच्याकडे पाय ठेवायची सोय नाही.’ बरं बाबांनो, आज ओट्यावरच बोलू.

सोपं आधी उरकते. जाळी लावा, फाटक लावा, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त दोन फुटांची शोभेची जाळी नको, ती कोंबडी एका उडीत पार करते. हलक्या अंगाची असेल तर पाच फुटांचंही तिला काही वाटत नाही. आणि जाळीच्या वर बांबू किंवा पट्टी मारू नका. बसायला जागा दिसली की ती आधी तिथे उडून बसते, मग आत उतरते. झालं.

आता खरा मुद्दा. दारातून दाणे टाकणं बंद करा.

आमच्याकडे पूर्वी मागच्या दाराची कडी वाजली रे वाजली की काळी कोंबडी अंगणाच्या टोकाहून पंख अर्धे उघडून, मान पुढे काढून धावत सुटायची. पायरीवर यायची, मान वाकडी करून एक डोळा दाराकडे लावायची, आणि वाट बघता बघता तिथेच शिटायची. का? तर सासूबाई ताटातलं उरलंसुरलं दारातूनच भिरकावायच्या. मी काही बोलले की, ‘मुका जीव आहे गं, दोन घास टाकले तर काय बिघडलं?’ अहो आई, टाका ना! पण तिकडे, कुंपणापाशी जाऊन टाका!

यावर लोक म्हणतात, ‘आम्ही रोज कुठे टाकतो? कधीतरीच.’ हे कधीतरीच जास्त वाईट! रोजचं एकदम बंद झालं तर कोंबडीला थोड्या दिवसांत कळतं. कधी मिळतं, कधी नाही, असं असलं की ती आशाच सोडत नाही. घरात पाच माणसं असतील तर पाचही जणांनी बंद करायचं. पाहुण्यांनासुद्धा सांगायचं.

आणि तिसरं, तुम्ही टाकत नाही असं तुम्हाला वाटतं, पण टाकता! ओट्यावर मांजराची वाटी आहे का? चिमण्यांसाठी टांगलेल्या भांड्यातून दाणे सांडतात का? रात्रभर बाहेरचा दिवा चालू असतो? मग सकाळी दिव्याखाली मेलेल्या किड्यांचा सडा पडलेला असतो, आणि कोंबडीच्या दृष्टीने ते पंगतीचं पान आहे. दिवा बंद ठेवा, नाहीतर कोंबड्या सोडायच्या आधी झाडून घ्या. कुंड्यांतली कोरडी माती तिला लोळायला लागते, म्हणून कुंडीत वरून मोठे दगड मांडा. आणि दूर कोपऱ्यात सावलीत कोरडी माती आणि राख घालून तिची स्वतःची जागा करून द्या. दाणे तिथेच, हाकही तिथूनच.

आता कमेंटमधले वैद्य! ‘ताई, लाल तिखट टाका, फिरकणार नाहीत.’ दादा, पक्ष्यांना मिरचीची जळजळ होतच नाही. आपल्या तोंडाला जी आग लागते ती त्यांना जाणवत नाही, रानात मिरचीचं बी पक्षीच तर पसरवतात. तिखट टाकाल तर शिंका तुम्हालाच येतील. प्लॅस्टिकचं घुबड? सुरुवातीला बिचकतात, मग त्याच्या शेजारी बसतात. आणि डांबराच्या गोळ्या सांगणाऱ्यांनो, ते विष आहे, कोंबडी ते टोचून खाऊ शकते. हे मी गमतीत म्हणत नाही.

वेळेचं एक सांगते. दिवसभर सोडण्यापेक्षा दुपार कलल्यावर सोडा. बहुतेक अंडी तोवर खुराड्यातच घालून होतात, झुडपांत शोधत फिरावं लागत नाही. मोकळीक थोडी असली की त्या चरण्यात गुंततात, आणि अंधार पडायच्या आत आपणहून परत जातात.

तरी घाण होणारच, कोंबडी आहे ती. पण ताज्या शिटेवर पाणी ओतू नका हो! तिच्यावरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, पक्ष्यांची लघवीच ती. ते पाण्यात नीट विरघळत नाही, नुसतं फासलं जातं. वर राख किंवा कोरडी माती टाका, सुकू द्या, उलथन्यासारख्या पत्र्याने खरवडून काढा, मग धुवा. सुकलेली घाण झाडूने उडवू नका, ती धूळ नाकात जाते. शेवटी हात साबणाने धुवा, त्यात साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आणि ज्यांनी फोटो पाठवून ‘मधूनच चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची पडते, हगवण लागली का?’ असं विचारलंय, त्यांना सांगते, नाही. कोंबडीला दोन आंधळी आतडी, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आतड्याच्या पिशव्या असतात, त्या मधूनमधून रिकाम्या होतात. कोंबडी चरतेय, खेळतेय ना? मग औषध नको. पण तेवढी मात्र आधी उचला, फरशीवर डाग तीच पाडते.