ओके म्हणजे हो नव्हे

मंडळी, गेल्या पावसाळ्यात आमच्या मोरीतला नळ गळायला लागला. प्लंबरला फोन केला. "उद्या सकाळी दहाला या." तो म्हणाला, "ओके साहेब." मी अर्धी रजा टाकून थांबलो. दहा वाजले, बारा वाजले, माणसाचा पत्ता नाही. संध्याकाळी पुन्हा फोन लावला, तर म्हणतो कसा, "साहेब, तुमचं समजलं म्हणून ओके म्हटलं. येतो कुठे म्हटलं होतं?" नळ गळतच होता, त्यामुळे मी चिडलो. पण शब्दाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

ओके हा शब्द जन्मला तोच मुळी शेरा म्हणून. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये तो छापलेला सापडतो. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची, अशी त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांना खोड होती. 'ऑल करेक्ट'मधल्या ए आणि सीच्या जागी त्यांनी ओ आणि के बसवले. म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणारा शब्द जन्मतःच अशुद्ध! असले बाकीचे विनोद बहुतेक विरून गेले. हा टिकला, कारण १८४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. ते किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक', आणि समर्थकांनी काढला ओके क्लब. ते हरले, पण प्रचारात शब्द सर्वतोमुखी झाला. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात लावला. त्याआधी अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या चॉक्टॉ भाषेपासून ग्रीकपर्यंत नाना व्युत्पत्त्या सांगून झाल्या होत्या, अजूनही लोक हौसेने सांगतात.

तर मूळ अर्थ 'पाहिलं, बरोबर आहे' एवढाच. त्यात 'मी करीन' कुठे आहे?

मराठीत ही वाटणी चोख आहे. 'हो' हे उत्तर. 'बरं' ही पोच. आणि 'बऽऽरं' असं लांबवलं, की समोरच्याला पटलेलं नाही, पण वाद घालायची इच्छा नाही. 'कबूल' जड, गुन्हासुद्धा कबूल करतात. 'मान्य' सभेत शोभतं. आणि आपल्या मुंबईचा लाडका शब्द 'चालेल': माझ्या मनासारखं नाही, तरी हरकत नाही. खरोखर आवडलं तर आपण म्हणतो, "चालेल काय, धावेल!" एवढ्या छटा आपण एका ओकेत कोंबल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी लिहितात, "रविवारी टाकी धुणार, वर्गणी द्यावी." खाली ओकेंची रांग लागते. वर्गणी मागायला गेलं, की निम्मी दारं बंद.

कायद्याला हा घोळ ठाऊक होता. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १३ पाहा: दोघं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाले, तर ती संमती. 'एकाच अर्थाने' हे शब्द फार मोलाचे. माझ्यात आणि प्लंबरमध्ये गोष्ट एकच होती, दहा वाजताची. अर्थ दोन होते.

आता थोडं ओकेच्या बाजूनेही बोलतो. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलत होते, ते आपण सगळ्यांनीच ऐकलंय. झाडी, डोंगार, हाटील, आणि सगळं 'ओक्के'मध्ये! ककाराला द्वित्त दिलं, मागे 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय लावलं, झाला मराठी. आणि गंमत म्हणजे त्या ओक्केत होकार औषधालाही नाही. फोनवर पलीकडच्याने कसली संमती मागितलेली नाही. इथे सगळं बरोबर आहे एवढंच सांगायचंय, म्हणजे थेट १८३९ चाच अर्थ.