आट्यांचा दोष की आपल्या हिशोबाचा?

मंडळी, वडोदऱ्याजवळच्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी नवा सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. ओतीव ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगवर, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचावर, झाकण बसत होतं. एक शिकाऊ मुलगा एम-८चे, म्हणजे आठ मिलिमीटर व्यासाचे, बोल्ट टॉर्क पान्याने (किती पीळ, म्हणजे टॉर्क, दिला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळत होता. चौथ्या बोल्टला पाना हलका झाला आणि नुसताच फिरू लागला. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळलेली. भोकातले आटेच सोलून बाहेर आले होते. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललो. रात्री घरी कागदावर हिशोब मांडला आणि माझी चूक कळली. तोच हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो.

पोलादी बोल्ट आणि मऊ धातूचं भोक अशी जोडी असली, की तुटतात ते भोकाचे आटे, आणि तेही बोल्टच्या बाहेरच्या व्यासावर, मुळाशी. म्हणजे भार पेलतो तो आठ मिलिमीटर व्यासाचा, आट्यांच्या लांबीइतका एक सिलिंडर. त्याचा सगळा पृष्ठभाग धातूचा नसतो, दोन आट्यांमध्ये मोकळी जागा असते. म्हणून एम-८ला पृष्ठभागाचा साधारण दोन तृतीयांश भाग धरायचा. आठ मिलिमीटर खोल आटे असतील तर ३.१४ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे २०१. त्याचे दोन तृतीयांश १३४ चौरस मिलिमीटर.

आता धातू. आमचं हाऊसिंग एलएम-६ या ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूचं, वाळूच्या साच्यात ओतलेलं. ताणशक्ती, म्हणजे ओढून तोडायला लागणारं बळ, चौरस मिलिमीटरला १६० न्यूटन. शिअरची, म्हणजे कातरलं जाण्याविरुद्धची, ताकद ताणशक्तीच्या सुमारे ०.६ पट धरतात, म्हणजे ९६. गुणाकार केला की आलं १२.९ किलोन्यूटन, साधारण तेराशे किलो.

आणि बोल्ट? ८.८ ग्रेडचा, म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणशक्तीचा, एम-८. त्याचं ताण पेलणारं क्षेत्र ३६.६ चौरस मिलिमीटर, तो तुटतो २९.३ किलोन्यूटनला. कुठला बोल्ट किती आवळायचा त्याच्या तक्त्यात त्याला २५ न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. कोरड्या बोल्टवर तेवढ्या टॉर्कने सुमारे १६ किलोन्यूटन ताण येतो. तेल लावलेलं असेल तर वीसच्या पुढे जातो. भोक तेराच्या आतच हार मानणार! मुलाने तक्ता तंतोतंत पाळला होता. तो तक्ता पोलादी नटासाठी होता, हे त्याला आम्हीच सांगितलं नव्हतं.

तेच हाऊसिंग ६०६१-टी६ या जास्त मजबूत ॲल्युमिनियमचं असतं, ज्याची शिअर ताकद २०७ आहे, तर आठ मिलिमीटरमध्येच जवळजवळ २८ किलोन्यूटन मिळाले असते. म्हणून 'ॲल्युमिनियम आहे, दीड व्यास आटे मार' (म्हणजे बोल्टच्या व्यासाच्या दीडपट खोल) हे वर्कशॉपमधलं वाक्य मला अजिबात पसंत नाही. कुठलं ॲल्युमिनियम, ते आधी विचारा. एलएम-६मध्ये बोल्टच आधी तुटावा असं हवं असेल, तर अठरा मिलिमीटरहून जास्त लांबी लागते. हाताशी थोडं ठेवून वीस, म्हणजे अडीच व्यास. आणि बोल्टच आधी तुटावा, असाच आग्रह धरा. तुटलेला बोल्ट दिसतो, बदलता येतो. सोललेले आटे आतच राहतात, वरून बोल्टचं डोकं मात्र जागच्या जागी बसलेलं दिसतं.

लांबी मोजताना भोकाचं तोंड तिरकं घासलेलं असतं तो भाग वजा करा. बंद भोकात टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) टोकाकडचे अर्धवट आटेही सोडून द्या. ड्रॉइंगवर दहा मिलिमीटर असतात, हाती आठच लागतात. फार खोल जाऊनही उपयोग नाही. पहिल्या दोन-तीन आट्यांवरच भाराचा मोठा वाटा पडतो, आणि अडीच व्यासांपुढची लांबी फारशी कामाला येत नाही.

त्या हाऊसिंगचं काय केलं? सुदैवाने बॉस, म्हणजे भोकाभोवतीचा धातूचा जाड उंचवटा, खोल होता. भोक मोठं करून सोळा मिलिमीटर लांबीचं हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवलं. त्याचा बाहेरचा व्यास साडेनऊच्या वर जातो, त्यामुळे ॲल्युमिनियमला पकडणारं क्षेत्र सव्वातीनशेच्या आसपास गेलं, भार ३१ किलोन्यूटन. बोल्टच्या तुटण्याच्याही पुढे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली, आणि त्यानेच, त्याच पान्याने, पंचवीसवरच तो बोल्ट पुन्हा आवळला.