डाळिंबी भिंत

(वाईतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय 'घराच्या भिंती आणि ठळक रंग' असा छापलाय. तीस वर्षं मी लोकांची घरं आतून सजवून देते आहे आणि या तीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "ताई, भडक नको हं, जरा सोबर." आधी मला या वाक्याशी भांडायचंय. भांडून झालं की रंग कसा निवडायचा, कसा लावायचा आणि भिंत कशी भरायची ते सांगते. अध्यक्षांनी एक तास दिलाय, तेवढा पुरावा.

भडक हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण मराठीत रंगांच्या जोराला किती शब्द आहेत बघा. गडद वेगळा, गर्द वेगळा, गहिरा वेगळा, आणि बटबटीत हा अगदीच वेगळा. रानातला हिरवा गर्द असतो, त्याला भडक कोणी म्हणत नाही. कुंकवाला भडक म्हणत नाही, शेंदराला म्हणत नाही. इथल्या गणपती घाटावरचा आपला ढोल्या गणपती रंगवून काढतात तेव्हा कोणी म्हणतं का, जरा सोबर करा म्हणून? मग तेच रंग भिंतीवर आले की आपल्याला लाज का वाटते?

एक प्रयोग करू. चिंतामणी रंग डोळ्यांपुढे आणता येतो त्यांनी हात वर करा. बघा, बायकांच्या पहिल्या तीन रांगा पूर्ण! आता पुरुषांनी. दोन... तीन... काका, तुम्ही काकूंचा हात बघून वर केलात. (हशा.) आता मी नुसती नावं घेते: आमसुली, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, मोतिया, विटकरी, शेवाळी, मोरपंखी, कुसुंबी. फळ, फूल, माती, पाखरू, सगळं यात आलं. ही नावं ज्या घरात रोज बोलली जातात, त्या घराच्या भिंतीवर 'ऑफ-व्हाइट' असतो. सगळा रंग लोखंडी कपाटात घड्या घालून ठेवलेला, आणि बाहेर चारही भिंती कोऱ्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, आपली जुनी घरं पांढरीच होती की. होती, पण कशी होती ते आठवा. दिवाळीच्या आधी चुना भिजायचा, त्यात चिमूटभर नीळ पडायची, कुंच्याने दोन हात मारले जायचे. चुना स्वस्त, कीड-किटाण मारणारा, दर वर्षी नवा. त्या पांढऱ्यात निळसर थंडावा असायचा. आणि तरीही कमरेइतक्या उंचीपर्यंत गेरूचा नाहीतर कावेचा पट्टा असायचाच. त्यावर कोनाडे, खुंट्या, दिवळ्या आणि तसबिरी. ऐपत असली की चित्रं. इथून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथल्या भिंतींवर अजून चित्रं शिल्लक आहेत. तुमच्यातले निम्मे लोक पाहुण्यांना घाट आणि घंटा दाखवून परत आणतात. ती घंटा वसईच्या मोहिमेतली, तिचा मान आहेच. पण पुढच्या वेळी आत जाऊन भिंतींपुढे पाच मिनिटं उभे राहा.

हा काव शब्द आला म्हणून एक सांगते, हे विषयाबाहेरचं नाही. तळकोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, हंस, देव, सगळं खरवडून काढलेलं. या तांबड्या मातीच्या रंगाला आपल्याकडे हुरमुंजी, हिरमजी अशी नावं आहेत. ती इराणच्या आखातातल्या होर्मूझ बेटावरच्या तांबड्या मातीवरून आलेली. समुद्रापलीकडून आलेली माती आपण भिंतीला लावली, तिला घरचं नाव दिलं. ही आपली रंगाची हौस.

कोऱ्या भिंतीचा आग्रह खूप पुढचा, आणि तो धरणाऱ्यांत मोठं नाव स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांचं. 1925 साली त्यांनी लिहिलं की प्रत्येक भिंतीला सफेती द्या, म्हणजे घरही स्वच्छ आणि मनही स्वच्छ. जगभरच्या वास्तुविद्यालयांतून ते झिरपत झिरपत आपल्या बिल्डरांपर्यंत पोचलं. पण याच माणसाने 1931 मध्ये एका वॉलपेपर कंपनीसाठी 43 रंगांची मालिका निवडून दिली, आणि 1959 मध्ये तीत आणखी 20 रंग घातले. चंडीगडला जाल तेव्हा त्यांनी बांधलेलं उच्च न्यायालय बघा. दर्शनी भागात तीन प्रचंड उंच खांबभिंती, एक हिरवी, एक पिवळी, एक लाल. पंजाबच्या उन्हात त्यांनाही नुसतं पांढरं पुरलं नाही!

आता माझी डाळिंबी भिंत. माझ्याबरोबर काम केलेल्यांनी ही गोष्ट ऐकली आहे, त्यांनी परत ऐकावी.

1998 सालची गोष्ट. साताऱ्यात एका कुटुंबाच्या नव्या फ्लॅटचं काम माझ्याकडे आलं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आजी, वय एकोणऐंशी. सगळीकडे आयव्हरी ठरलेला. मी आजींच्या खोलीचं माप घेत होते. दहा बाय अकराची खोली, एकच खिडकी, तीही डक्टकडे उघडणारी. आजी कॉटवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, माझ्या खोलीला दुसरा रंग चालेल का?" म्हटलं, चालेल की, कोणता? त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला त्यांचा लग्नातला शालू काढला. डाळिंबी. आत सोनेरी जर. त्यांच्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी यजमान गेले, तेव्हापासून तो ट्रंकेत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी करडं, राखाडी, फिकट एवढंच नेसलं. कोणी तसं तोंडाने सांगितलं नव्हतं, सांगावं लागत नसे. म्हणाल्या, "मला नाही नेसता आला. भिंतीला नेसवता येईल का?"

मी घरी आले आणि रात्रभर मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचं म्हणणं, आई म्हणते ते ठीक, पण उद्या फ्लॅट विकायचा झाला तर? हा प्रश्न मी आजही दर महिन्याला ऐकते आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. घराचे हप्ते आपण भरायचे, राहायचं आपण, आणि रंग लावायचा तो कधीतरी येईल न येईल अशा अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीचा. अहो, एक भिंत परत रंगवायला दोन-तीन लिटर रंग आणि दोन दिवस लागतात. तेवढ्यासाठी आयुष्यातली वीस वर्षं कोऱ्या भिंतीकडे बघत काढायची? मी त्यांना म्हटलं, विकाल तेव्हा मला बोलवा, माझ्या पैशाने पांढरी करून देते.

मग काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी फसलं. शालूचा काठ शेड कार्डाला लावून लावून आम्ही रंग निवडला होता. आमचे रंगारी मामा जुने कारागीर. त्यांनी दोन हात मारले. खालचा पांढरा तसाच डोकावतोय, भिंतीवर ढगच ढग. म्हणाले, "ताई, लाल झाकत नाही. कितीबी हात मारा." संध्याकाळी ट्यूबलाइट लावला तर ती भिंत चक्क मातकट तपकिरी. आजी काही बोलल्या नाहीत. शालूची घडी घालून ट्रंकेत ठेवून आल्या. ते मला जास्त लागलं.

दोन्ही दुखणी मी तिथे शिकले. शुद्ध लाल, शुद्ध पिवळा हे रंग अंगाने पातळ असतात, खालचं झाकत नाहीत. लालाखाली पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, चालत नाही. तिथे राखाडी प्रायमर द्यावा लागतो, मग तीन हातांत रंग बसतो. आणि त्या वेळच्या ट्यूबच्या उजेडात लाल अंश फार कमी असायचा. भिंतीवर लाल आहे, पण तो परत पाठवायला उजेडातच लाल नाही, मग ती मातकटच दिसणार. आम्ही ट्यूब काढली. दोन कोपऱ्यांत साधे पिवळे बल्ब लावले, एक कॉटच्या उशाशी आणि एक खाली, कमरेच्या उंचीवर. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवे लावले. आजी भिंतीपाशी गेल्या आणि तळहात टेकवून उभ्या राहिल्या. सून माझ्या शेजारी उभी होती, ती रडायला लागली.

पण खरी मजा पुढे आहे. भिंत झाल्यावर आजींनी ती भरायला घेतली. यजमानांचा फोटो. लोकरीने भरलेला पोपट. मण्यांचं 'सुस्वागतम'. नातवाचं बक्षिसाचं प्रमाणपत्र. आणि त्यांच्या आईकडून आलेली रविवर्म्याची लक्ष्मी, साडीवर खऱ्या जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवलेली. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरींनी आपल्या माजघरांच्या भिंती भरून टाकल्या. आज परदेशी मासिकांत याला 'गॅलरी वॉल' म्हणतात, सगळ्या थाटाला 'मॅक्सिमलिझम' म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, भरगच्च. आपल्या आज्या हे करतच होत्या, वरच्या खिळ्यावरून तसबीर जरा पुढे झुकवून, खाली बसलेल्याला दिसावी म्हणून.

मी कागदावर सगळ्या तसबिरींची सरळ रांग काढून नेली होती, वरून खालून सारखी. आजींनी ती बाजूला ठेवली. गोधडी जमिनीवर पसरली, तिच्यावर सगळ्या तसबिरी मांडल्या आणि मला विचारलं, "रांगोळी काढताना आधी कुठला ठिपका देतेस?" मधला. मग मधे लक्ष्मी, तिच्याभोवती मोठ्या तसबिरी, मग लहान, दोन तसबिरींत दोन-तीन बोटांचं अंतर सगळीकडे सारखं. तेवीस वस्तू लागल्या त्या भिंतीवर आणि एकही खटकत नव्हती. मी आजही अशीच मांडते. आधी जमिनीवर, आणि आधी मधला ठिपका.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं राहिलीत? बरं. मुख्य मुद्दे अजून व्हायचेत, तर भरभर सांगते, लिहून घ्या.

पांढरी भिंत स्वतः काही देत नाही, खिडकीतून येईल तोच उजेड परत करते. ऊन असेल तर छान. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ राखी असतं, मग भिंतही राखी. हळदी, विटकरी, मोरपंखी भिंत त्या दिवसांतही आपला रंग धरून ठेवते. म्हणून अंधाऱ्या खोलीला पांढरा द्या हे ऐकू नका. अंधारी खोली पांढऱ्याने उदास होते, तिला गडद रंग द्या आणि दिवे वाढवा. गडद भिंत उजेड पिते, त्यामुळे छताला एकच दिवा पुरत नाही, दोन-तीन उंचींवर दिवे हवेत. बल्ब घेताना खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर ऊबदार उजेड, बघून घ्या. 6500चा निळसर उजेड लाल-पिवळ्याला मारतो.

उत्तरेकडच्या खोलीत उजेड थंड असतो, तिथे निळा आणखी गार वाटतो, तिथे ऊबदार रंग. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी केशरी ऊन येतं, तिथे हिरवा, निळा खुलतो.

शेड कार्डाच्या बोटभर तुकड्यावरून रंग ठरवू नका. दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्याला दोन हात मारा आणि तो पुठ्ठा भिंतीवर, कोपऱ्यात, खिडकीशेजारी असा फिरवा. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. चकचकीत फिनिश गडद रंगाला नको, लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅट घ्या. नवा गिलावा पूर्ण वाळू द्या. भिंतीला ओल असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर डाळिंबी काय आणि पांढरा काय, पोपडे सारखेच निघतात.

आणि भरगच्च म्हणजे सतरा रंग नव्हेत. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात तो चौक आठवा. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोनच रंग, आणि तरी भिंत काठोकाठ भरलेली. ती भरते पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकारांनी. आपणही तेच करायचं. भिंतीचा एक मुख्य रंग धरा आणि तो खोलीत आणखी तीन ठिकाणी येऊ द्या, उशीला, पडद्याच्या काठाला, एखाद्या तसबिरीत. मग वस्तू कितीही ठेवा, डोळा हरवत नाही. एकच भिंत रंगवून तीन पांढऱ्या ठेवल्या तर ती एकटी पडते. धीर होत नसेल तर लहान खोलीपासून सुरू करा, देवघर, जिन्याची भिंत, पॅसेज. पण तिथे चारही भिंती रंगवा, जमल्यास छतसुद्धा.

भाड्याच्या घरात मालक रंगवू देत नसेल तर कापड टांगा. खणाचे तुकडे जोडून केलेला पडदा, आजीची गोधडी, विरलेल्या पैठणीचा पदर काचेत बसवून. दोन खिळ्यांची परवानगी तर मिळते.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे वेळ संपली. प्रश्न नंतर विचारा, आधी एक करा. मी बारा पुठ्ठे रंगवून आणलेत, ते उजवीकडच्या टेबलावर आहेत. आमसुली, हिरमजी, मोरपंखी, हळदी, सगळे आहेत, आणि आजींच्या भिंतीचा डाळिंबीही आहे. पश्चिमेच्या खिडकीत अजून वीसेक मिनिटं ऊन राहील. एकेक पुठ्ठा उचला, खिडकीपाशी न्या, मग आत या ट्यूबखाली आणा. बल्ब मी घरून आणलाय, तो स्टँडला लावलाय, त्याच्याखालीही धरून बघा. काकू, तुम्ही चिंतामणीपासून सुरू करा, आणि काकांना बरोबर घ्या.