सेगोव्हियाचा आल्काझार: चित्रांनी वाचवलेला राजवाडा

एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन नद्या जिथे मिळतात, तिथल्या कड्याच्या टोकावर स्पेनमधल्या सेगोव्हिया शहराचा आल्काझार उभा आहे. आधी ही नुसती गढी होती. कास्तील या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी दालनामागून दालन वाढवत तिचा राजवाडा केला.

डिसेंबर १४७४. कास्तीलचा राजा चौथा एन्रिके माद्रिदला वारला. त्याची मुलगी हुआना गादीची दावेदार, पण राजाची सावत्र बहीण इसाबेल त्या वेळी सेगोव्हियात होती. आणि राज्याचा खजिना होता याच वाड्यात, किल्लेदार आंद्रेस काबरेराच्या ताब्यात. इसाबेल थांबली नाही. १३ डिसेंबरला शहराच्या चौकात तिच्या नावाची द्वाही फिरली आणि काबरेराने खजिना तिच्या हवाली केला. नवरा फेर्नांदो तेव्हा दूर आरागोन राज्यात होता. तो येईपर्यंत ती राणी झालेली होती! या वाड्याने पाहिलेला सर्वांत निर्णायक दिवस तोच.

आज लांबून दिसणारी निमुळती, काळसर छपरं मात्र तिच्या काळातली नाहीत. ती तिचा पणतू दुसरा फेलिपे याची हौस. उत्तर युरोपात पाहिलेल्या इमारतींसारखी पाटीच्या दगडाची छपरं त्याने चढवून घेतली. १५७० साली त्याचं चौथं लग्न इथेच लागलं. पण दरबार माद्रिदला गेला होता. वाड्यात पुढे राजबंदी ठेवले गेले आणि १७६४ पासून तोफखान्याची शाळा भरू लागली.

६ मार्च १८६२ ला त्या शाळेला आग लागली. दगडी भिंती उरल्या. सोन्याचा मुलामा दिलेली शतकांची तक्तपोशी जळून गेली.

वाडा वाचला तो होसे मारिया आव्रियाल या चित्रकारामुळे. आगीच्या सुमारे वीस वर्षं आधी त्याने दालनं बारकाईने चितारली होती: छताची नक्षी, भिंतीवर ओळीने बसवलेल्या राजांच्या मूर्ती. १८८२ नंतर दुरुस्ती सुरू झाली आणि हेच कागद कारागिरांच्या कामी आले. १४१२ मध्ये राणी कातालिनाने बांधवलेलं, पालथ्या जहाजासारख्या छताचं दालन आज पाहायला मिळतं, ते त्यामुळेच. आव्रियालच्या कामाचं मोल तिथे उभं राहिल्यावर कळतं.

सिंहासनाच्या दालनाचं छत मात्र दुसरीकडून आणलेलं आहे. वायादोलिद प्रांतातल्या उरोनेस दे कास्त्रोपोंसे या गावच्या चर्चचं छत जळालेल्या छताशी मिळतंजुळतं होतं. तेच काढून इथे बसवलं.